तीन पोती सिमेंट आणि भावाचं ग्राउंड

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"मी २७ वर्षांची आहे. फलटणजवळच्या गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. वडील गवंडी आहेत. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, वजन ५८ किलो. पोलीस भरतीसाठी अकॅडमीत राहतो, मेसमध्ये जेवतो. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. जिमच्या ट्रेनरने त्याला बीसीएए म्हणजे अमिनोची पावडर सुरू केलीय. महिन्याला २,४०० रुपयांचा डबा मी माझ्या पगारातून घेऊन देते. पहाटे पाण्यात एक स्कूप घेऊन तो उपाशीपोटीच ग्राउंडला जातो, कारण 'अमिनो घेतलं की मसल जळत नाही.' दहाला नाश्ता करतो. संध्याकाळी पुन्हा व्यायाम. सोळाशे मीटर ५ मिनिटं ५० सेकंदांवर अडकलंय, पिंढऱ्या दुखतात, सारखा थकलेला असतो. आता ट्रेनर म्हणतो ग्लुटामिन आणि अर्जिनिनही लागेल. याचा खरंच उपयोग होतो का? किडनीवर परिणाम होईल का? त्यात मांसाहारी काही असतं का? नाही म्हटलं तर मी भावाच्या भरतीच्या आड आले असं होईल. – एक बहीण"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. घरातल्या कमावत्या मुलीवर हे ओझं कसं येतं ते मी बरंच पाहिलंय. पैसे द्यायचे तिने, आणि प्रश्न विचारला की अपराधी वाटायचं तेही तिनेच. म्हणून आधी स्पष्ट सांगते. पुढच्या महिन्याचा डबा घेऊ नका. पण ते पैसे भावाला देणं थांबवूही नका. त्याला खरोखर काहीतरी कमी पडतंय, फक्त ते त्या डब्यात नाही.

ट्रेनर खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. तो अर्धं खरं सांगतोय. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बीसीएए म्हणजे त्या नवातली तीन: ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन. हीच तीन का निवडली, त्यालाही कारण आहे. इतर बरीचशी अमिनो आम्लं आधी यकृतात मोडली जातात, ही तीन मात्र मुख्यतः स्नायूंमध्येच वापरली जातात. शिवाय ल्युसीनचा एक खास गुण आहे. रक्तात ते वाढलं की स्नायूंच्या पेशींना 'बांधकाम सुरू करा' असा निरोप जातो. प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आता उरलेलं अर्धं. ते तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं समजेल. स्लॅब टाकायचा दिवस आठवा. सेंटरिंग झालंय, सळई बांधून झालीय, माणसं पाट्या घेऊन उभी आहेत आणि मिस्त्रींनी हाक दिली, "टाका रे!" ती हाक म्हणजे ल्युसीन. पण खडीच आली नसेल, वाळूचा ट्रक वाटेत अडकला असेल, तर त्या हाकेचं काय होणार? वडिलांनी तीन पोती सिमेंट जास्तीची आणून ठेवली म्हणून स्लॅब टाकून होतो का? स्नायूचं प्रथिन बांधायला नऊच्या नऊ अमिनो आम्लं एकाच वेळी हजर लागतात. डब्यात आहेत तीन. बाकीची सहा भावाच्या पोटात नाहीत, कारण तो उपाशी आहे. मग शरीर ती आणणार कुठून? स्वतःच्याच स्नायूतून. मागच्या भिंतीच्या विटा काढून पुढची भिंत उभी करण्यासारखं आहे हे. रॉबर्ट वुल्फ नावाच्या अमेरिकन संशोधकाने २०१७ मध्ये माणसांवरचे उपलब्ध प्रयोग गोळा करून तपासले आणि हाच निष्कर्ष काढला: फक्त बीसीएए घेऊन स्नायूंची बांधणी वाढते, या दाव्याला आधार नाही. ज्या प्रयोगांत ही तीन आम्लं थेट शिरेतून दिली होती, तिथे स्नायूंची मोडतोड कमी झाली खरी, पण बांधणीही कमी झाली.

ट्रेनर कदाचित २२ टक्क्यांची गोष्ट सांगेल, म्हणून तीही तुम्हाला माहीत असावी. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्येच एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजनं उचलणाऱ्या दहा तरुणांना व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं, तेव्हा स्नायूबांधणीचा वेग नुसतं रंगीत पाणी प्यायल्याच्या तुलनेत २२ टक्क्यांनी जास्त आढळला. हे खरं आहे. पण तो वेग व्यायामानंतरच्या चार तासांतला होता. दंड २२ टक्क्यांनी वाढले, असा त्याचा अर्थ नाही. आणि दुधापासून निघणारं व्हे प्रथिन दिल्यावर याच पद्धतीच्या प्रयोगांत वाढ जवळपास दुप्पट दिसते, कारण त्यात नऊही आम्लं असतात. म्हणजे हाक ऐकू येते, काम थोडं सुरूही होतं, आणि माल संपल्यावर थांबतं.

व्यायामाला शरीर कसा प्रतिसाद देतं ते एकदा नीट समजलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. भाऊ धावतो, गोळा फेकतो, बैठका मारतो, तेव्हा स्नायूंची मोडतोड वाढते. त्यानंतर बांधणीही वाढते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. व्यायामानंतर काहीच खाल्लं नाही तर बांधणी वाढूनही मोडतोडीचं पारडं जड राहतं. खाल्लं की ते बांधणीच्या बाजूला झुकतं. तुमचा भाऊ साडेपाचला ग्राउंडवर जातो आणि दहाला पोहे खातो, म्हणजे रात्रीच्या जेवणापासून तेरा-चौदा तास त्याच्या पोटात स्कूपखेरीज काही जात नाही. स्नायू जळू नयेत म्हणून तो जे करतोय, त्यानेच त्याच्या स्नायूंचं नुकसान होतंय. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकलं ते हेच. पावडर घेऊन पोट उपाशी ठेवायचं, हे शिकवणाऱ्याने मुलाचं हित पाहिलेलं नाही.

आणि 'व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर सगळं वाया' ही धास्तीही मनातून काढायला सांगा. स्नायू अन्नाला चांगला प्रतिसाद देत राहतात ते निदान पुढचे चोवीस तास, नवख्या माणसात तर दोन दिवसही. स्लॅब टाकला की काम संपत नाही, पुढे कित्येक दिवस पाणी मारावं लागतं, खरी मजबुती त्या दिवसांत येते. व्यायामाचंही तसंच आहे. मैदानावर आपण शरीराला फक्त कारण देतो, बांधकाम होतं ते नंतरच्या जेवणांत आणि झोपेत.

आता हिशेब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी शिफारस केली ती किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची. ५८ किलोला ते ४८ ग्रॅम होतं. पण ही गरज साध्या दिनक्रमाच्या माणसाची. दोन वेळा कसून व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम लागतं, म्हणजे तुमच्या भावाला ८१ ते ९३ ग्रॅम. त्याच्या वर खाऊन स्नायूंचा विशेष फायदा होत नाही. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात १.६ च्या आसपास फायदा थबकलेला दिसला.

मेसमध्ये त्याला काय मिळतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा मेस मी पाहिल्या आहेत. सकाळी पोहे, दोन्ही वेळेला चार-चार चपात्या, बटाट्याची किंवा कोबीची भाजी, भात आणि तळ दिसेल इतकं पातळ वरण. पोह्यांतून पाचेक ग्रॅम, प्रत्येक जेवणातून वीस-बावीस ग्रॅम. दिवसाची बेरीज पन्नासच्या आसपास. म्हणजे त्याला रोज तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं कमी पडतात, आणि २,४०० रुपयांच्या डब्यातून मिळतात ती दिवसाला साधारण पाच ग्रॅम अमिनो आम्लं, तीही नवातली फक्त तीन. मेसच्या त्या साध्या जेवणातूनही ही तीन आम्लं त्याला रोज आठएक ग्रॅम मिळतच असतात, हे ट्रेनरने त्याला सांगितलेलं दिसत नाही.

ही तूट भरायला अंड्याची गरज नाही. तुमच्या घरच्या नियमाला कुठेही धक्का लागणार नाही. रोज अर्धा लिटर दूध: सोळा ग्रॅम. अर्धं ग्राउंडवरून आल्या आल्या, अर्धं झोपण्यापूर्वी. पन्नास ग्रॅम फुटाणे किंवा तेवढेच हरभरे रात्री भिजत घालून: दहा-अकरा ग्रॅम. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या: पंधरा ग्रॅम. मूठभर शेंगदाणे: सातएक ग्रॅम. झाले की पन्नासच्या जवळ! वड्यांचं अनेकांना वावडं असतं, वास आवडत नाही. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा-लसणीच्या चटणीवर परतल्या तर मुलं खातात. कांदा-लसूण चालत नसेल तर दाण्याच्या कुटात घोळवा. मेसवाल्या मावशींना वेगळ्या पैशांत हे करून देता येईल का, ते भावाला विचारायला सांगा. बऱ्याच मावशी करतात. नाहीच जमलं तर दूध, फुटाणे आणि शेंगदाणे यांना चूलसुद्धा लागत नाही, आणि तेवढ्याने पस्तीसेक ग्रॅम भरून निघतात. हा सगळा माल तुमच्या इथल्या दराने महिन्याला दीड हजाराच्या आत बसायला हवा. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे सांगते.

डाळीत मेथिओनिन कमी आणि धान्यात लायसिन कमी, म्हणून भात-वरण, भाकरी-पिठलं, चपाती-उसळ या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी या आम्लांची नावं ऐकली नव्हती, पण ताट बरोबर वाढलं होतं. एकच अमिनो आम्ल जास्त झालं म्हणजे बरंच, असंही नसतं. याची एक गोष्ट आपल्या दख्खनमधलीच आहे. १९६०च्या सुमारास, आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात त्या संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांना प्रश्न पडला होता, की दख्खनच्या पठारावर जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा हा त्वचेचा आणि मेंदूचा आजार का होतो. ज्वारीत ल्युसीन भरपूर असतं. त्याच्या अतिरेकाने नायसिन या जीवनसत्त्वाचं गणित बिघडत असावं, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर पुढे बराच वाद झाला. म्हणून भाकरी सोडायची नाही, डाळ-दुधासोबतची भाकरी उत्तमच. पण ज्या ल्युसीनसाठी तुम्ही महिन्याला २,४०० रुपये मोजता, ते आपल्या भाकरीत आधीपासून आहे, आणि ते इतरांच्या सोबतीनेच काम करतं, एवढं यातून घ्या.

आता सोळाशे मीटर. पुरुषांच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण या एका धावेला आहेत. ५:५० वर अडकलेल्या मुलाची तगमग मी समजू शकते. पण ही धाव अमिनोवर चालत नाही. त्या पाच-सहा मिनिटांत स्नायूंचं इंधन असतं ते साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आणि ते जाळायला रक्ताने पोचवलेला प्राणवायू. तासाभराच्या सरावातसुद्धा प्रथिनांतून मिळणारी ऊर्जा अगदी थोडी असते. म्हणून पहाटे पाण्यात स्कूप घेण्याऐवजी एक केळं, नाहीतर दोन-तीन खजूर, नाहीतर गुळाचा खडा आणि चार दाणे खाऊन जाऊ दे. जड वाटतं म्हणाला तर आधी अर्धं केळं. आठवड्याभरात पोटाला सवय होते.

त्याचा थकवा मात्र मला नुसता आहाराचा वाटत नाही. वाचलेल्या पैशांतून सर्वांत आधी त्याची रक्ततपासणी करून घ्या: सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२, जमल्यास ड जीवनसत्त्वही. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार सामान्य आहे, आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर कुठलाही डबा त्याची वेळ कमी करणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका भरतीच्या मुलाने आठ महिने तऱ्हेतऱ्हेच्या पावडरी घेतल्या होत्या. त्याचं हिमोग्लोबिन दहा होतं. आठ महिन्यांत कोणी त्याचं बोट टोचून पाहिलं नव्हतं. त्याची आई समोर बसून रडली, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्या भावाचा आकडा चांगलाही असेल. पण तो माहीत हवा. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा नको, अन्नातलं लोह त्याने कमी शोषलं जातं. उसळीवर लिंबू पिळावं, त्याने लोह शोषायला मदत होते.

दुसरी गोष्ट झोप. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की रात्री साडेअकरापर्यंत तो ऑनलाइन दिसतो. पावणेपाचला उठत असेल तर झोप झाली पाच तास. पाणी न मारलेल्या स्लॅबवर दुसऱ्या दिवशी मजला चढवला तर काय होईल, ते वडिलांच्याच तोंडून त्याला ऐकू द्या. तिसरी गोष्ट सरावाची. यात मी पोषणाच्या बाजूने बोलतेय, प्रशिक्षक मी नाही. पण रोज पूर्ण जोर लावून सोळाशे मारणारी मुलं अडकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. आठवड्यातून दोन दिवस कठीण सराव, मधले दिवस बोलत बोलत धावता येईल इतक्या सावकाश वेगाने, आणि एक दिवस पूर्ण आराम, याबद्दल त्याने अकॅडमीच्या सरांशी बोलावं. पिंढऱ्यांच्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच असेल. बीसीएए घेतल्याने व्यायामानंतरचं अंग दुखणं थोडं कमी होतं, असं काही प्रयोगांत दिसलंय, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मात्र दुखणं एकाच जागी, नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं असेल तर डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. आणि खूप कष्टाच्या व्यायामानंतर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायू तुटून त्यांतलं द्रव्य रक्तात उतरल्याची ती खूण असते, आणि किडनीला खरा धोका त्यातून असतो.

किडनीचं विचारलंत ते बरं केलंत. किडनी निरोगी असेल तर एक स्कूप बीसीएएने किंवा मी सांगितलेल्या नव्वद ग्रॅम प्रथिनांनी तिला इजा होत नाही. आधीच किडनीचा आजार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच वाढवायचं नाही. घरात हा डबा आहे म्हणून अशक्तपणासाठी आई-वडिलांना मात्र देऊ नका. यकृताच्या गंभीर आजारात काही रुग्णांना डॉक्टर बीसीएए देतात, त्याची जागा ती आहे.

ग्लुटामिनला माझं सरळ नाही. ते शरीर स्वतः भरपूर बनवतं आणि निरोगी तरुणाचे स्नायू त्याने वाढल्याचं दिसत नाही. तोंडाने घेतलेलं अर्जिनिन बरंचसं आतडं आणि यकृतातच संपून जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये खेळाडूंच्या कामगिरीला थेट फायदा होण्याचे चांगले पुरावे असलेली पाचच द्रव्यं सांगितली: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट. बीसीएए, ग्लुटामिन, अर्जिनिन यांतलं एकही त्यात नाही. यातलं बीटा-ॲलानिन अमिनो आम्लच आहे. एक ते दहा मिनिटांच्या जोरदार कष्टात स्नायूंतली आम्लता सोसायला त्याची मदत होते, पण रोज घेत किमान चार आठवडे जावे लागतात, अंगाला मुंग्या येतात आणि फायदा लहान असतो. क्रिएटिनचा उपयोग गोळाफेक आणि शंभर मीटरला होऊ शकतो. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो, म्हणून फरक थोडा जास्तही जाणवतो. पण पाणी धरून वजन किलोभर वाढू शकतं, आणि सोळाशेला ते वजन घेऊनच पळायचं आहे. हे तुम्हाला सांगितलं ते तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून. आहार, रक्त आणि झोप हे तिन्ही जागेवर येईपर्यंत यातलं काहीही घेऊ नका.

मांसाहारी काही असतं का, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि दुकानदाराने हसून टाळला तरी विचारलाच पाहिजे. ल्युसीनसारखी काही अमिनो आम्लं पूर्वीपासून पिसं आणि केस यांच्या केराटिनपासूनही काढली जात आली आहेत. आता बरीच उत्पादनं मक्यासारख्या वनस्पतीपासून, आंबवण्याच्या पद्धतीने बनतात. डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते बघा. कॅप्सूल असेल तर तिचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. दूध-फुटाण्यांना हे काही पाहावंच लागत नाही.

आणि डब्यावर लिहिलेलं डब्यात असतंच असं नाही. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. यातली एक युक्ती अमिनोचीच आहे. प्रथिनं मोजायची जुनी पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये बसवली. तिच्यात मोजला जातो तो नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. मग ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनं वाढल्यासारखी दिसतात. म्हणून उद्या कोणी "बीसीएए सोडा, हे भारी प्रोटीन घ्या" म्हणालं, तरी घाई करू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा, असंच सांगितलं आहे. आणि भावाला एक गोष्ट बजावून ठेवा. भरतीच्या आधी कोणी इंजेक्शन देऊ केलं, नाव नसलेली गोळी दिली, "सगळेच घेतात" म्हणालं, तर तिथून उठून यायचं. त्यात जिवाला धोका आहे.

राहिला तुमचा खरा पेच, त्याला सांगायचं कसं. "पैसे नाहीत" म्हणू नका, ते खरंही नाही आणि त्याला लागेल. "ट्रेनर फसवतोय" हेही नको, तो ट्रेनरची बाजू घेईल. पुढच्या सुट्टीत वडील घरी असताना तिघं बसा. २,४०० रुपये समोर ठेवा आणि सांगा, की हे तुझेच आहेत, यातून काय आणायचं ते आपण ठरवू. मग वडिलांना विचारा, नुसत्या सिमेंटने स्लॅब टाकून होतो का. सहा आठवडे हे करून बघू म्हणा: रोजचं दूध-फुटाणे, पहाटेचं केळं, रात्री दहाला फोन बंद. दर रविवारी सोळाशेची वेळ वहीत लिहायची. वही त्याच्याच हातात असू द्या.

आत्ताचा उघडलेला डबा फेकू नका, तुमच्या कष्टाचा पैसा आहे. संपेपर्यंत घेऊ दे, फक्त उपाशीपोटी नाही, ग्राउंडवरून आल्यावर दुधाच्या पेल्यासोबत. रक्ततपासणी मात्र याच आठवड्यात करा, आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ हे तिन्ही आकडे मला कळवा. कमी निघाले तर पुढचं काय करायचं ते मी तुम्हाला सविस्तर लिहीन.